तुम्ही विचारलंत म्हणून: ट्युनिशियात लोकशाही का टिकली नाही?

हा प्रश्न मला लग्नात विचारला गेलाय, एसटीत विचारला गेलाय, आणि परवा कृषी सेवा केंद्रात डीएपीची गोणी घेताना तिथल्या दादांनी विचारला. "तुम्ही इतकी वर्षं तिकडे काढलीत. खरं सांगा, मुसलमानांच्या देशात लोकशाही का टिकत नाही? धर्मातच बसत नाही का ती त्यांच्या?" मागे रांग होती, म्हणून मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून निघालो. घरी आल्यावर ते दोन वाक्यांचं उत्तर दिवसभर टोचत राहिलं. म्हणून आता सविस्तर सांगतो.

सुरुवात त्या गोणीपासूनच करतो. डीएपीला फॉस्फरिक ॲसिड लागतं, ॲसिडला फॉस्फेटचा दगड. आपल्या देशात तो पुरेसा नाही, म्हणून दगड किंवा ॲसिड बाहेरून येतं. मोरोक्कोतून, जॉर्डनमधून, सेनेगलमधून, ट्युनिशियातून. चारही देशांत मुसलमान बहुसंख्य, आणि चौघांचा कारभार चार तऱ्हांचा. मोरोक्को आणि जॉर्डनमध्ये राजे आहेत. तिथे निवडणुका होतात, पण शेवटचा शब्द राजवाड्याचा. उरलेल्या दोन देशांबद्दल मला बोलायचं आहे. ॲसिड प्लांटमधला इंजिनिअर म्हणून २०१३ ते २०१६ मी ट्युनिशियात, स्फॅक्स शहरात राहिलो. सेनेगलच्या प्लांटमधल्या लोकांशी कामानिमित्त ओळख झाली, ती अजून टिकून आहे.

मी स्फॅक्सला पोचलो तो ऑगस्ट २०१३. त्याआधी अडीच वर्षांपूर्वी, १४ जानेवारी २०११ रोजी, तेवीस वर्षं राज्य केलेला बेन अली देश सोडून सौदी अरेबियाला पळाला होता. सिदी बूझिदच्या मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवाल्यानं १७ डिसेंबर २०१० ला स्वतःला पेटवून घेतलं, हे तुम्ही वाचलं असेल. पण खाणीतल्या लोकांना विचारलंत तर ते सुरुवात तिथून करत नाहीत. ते २००८ सांगतात. गाफ्साच्या खाणपट्ट्यात रेदेयेफ नावाचं गाव आहे. सरकारी फॉस्फेट कंपनीनं भरतीचा निकाल लावला, त्यात वशिलेबाजी झाल्याचं लोकांना दिसलं, आणि सहा महिने ते गाव धुमसत राहिलं. पोलिसांनी गोळीबार केला, कामगार पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. बाहेरच्या जगाला पत्ता नव्हता. आमच्या प्लांटमधला शिफ्ट इन्चार्ज त्याच पट्ट्यातला. तो म्हणायचा, क्रांती आमच्याकडे दोन वर्षं आधी आली होती, फक्त ती टीव्हीवर दिसली नाही.

मी गेलो तेव्हा देश फुटायच्या बेतात होता. फेब्रुवारीत शुक्री बेलाईद या डाव्या नेत्याचा खून झाला होता, २५ जुलैला मोहम्मद ब्राहमी या खासदाराचा. सरकार एन्नाहदा या इस्लामी पक्षाच्या नेतृत्वाखालचं. संसदेसमोर बार्दो चौकात हजारो लोक रात्र रात्र बसले होते, सरकार घालवा म्हणत. आम्हा परदेशी लोकांना बॅगा भरून ठेवायला सांगितलं होतं. इजिप्तमध्ये लष्करानं निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष मोर्सींना जुलैत हटवलं होतं, आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्या समर्थकांचा जमाव उठवताना एका दिवसात शेकडो माणसं मारली होती. सगळ्यांना वाटत होतं, आता आपली पाळी.

तसं झालं नाही. का झालं नाही, ते मी जवळून पाहिलं, म्हणून दादांच्या प्रश्नानं मला त्रास होतो. ट्युनिशियात यूजीटीटी नावाची कामगार संघटना आहे, १९४६ मध्ये फरहात हाशेद यांनी उभी केलेली. हाशेद स्फॅक्ससमोरच्या केर्केना बेटांवरचे. १९५२ मध्ये वसाहतवाद्यांनी त्यांचा खून केला. स्फॅक्समध्ये या संघटनेचा शब्द केवढा, हे १२ जानेवारी २०११ च्या संपात दिसलं होतं: अख्खं शहर रस्त्यावर आणि दोन दिवसांनी बेन अली विमानात. २०१३ मध्ये याच संघटनेनं मालकांची संघटना, वकिलांची संघटना आणि मानवाधिकार लीग यांना सोबत घेतलं आणि सगळ्या पक्षांना एका टेबलाशी बसवलं. कामगार आणि मालक एकत्र! एन्नाहदानं निवडून आलेलं सरकार सोडलं, कारभार तज्ज्ञांच्या हंगामी सरकारकडे गेला. या चौघांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं, ते फुकट मिळालेलं नाही.

आणि धर्माचं म्हणाल तर तो वाद टाळला गेला नाही, भर सभागृहात झाला. शरियत संविधानात घालायची नाही, हे एन्नाहदानं २०१२ मध्येच मान्य केलं. त्याच वर्षी मसुद्यात स्त्री पुरुषाला 'पूरक' असल्याचं एक कलम आलं होतं. १३ ऑगस्टला हजारो बायका रस्त्यावर उतरल्या आणि ते कलम गेलं. तारीख मुद्दाम निवडलेली, कारण १९५६ मध्ये त्याच दिवशी बहुपत्नीत्व बंद करणारा कायदा झाला होता. २६ जानेवारी २०१४ च्या रात्री संविधान मंजूर झालं: बाजूनं २००, विरोधात १२, तटस्थ ४. देशाचा धर्म इस्लाम हे त्यात आहे आणि सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्यही आहे. त्या रात्री स्फॅक्सच्या एका कॅफेत मी आमच्या लोकांबरोबर बसलो होतो. भाषा निम्मी कळत होती. माणसं रडत होती, तेवढं पूर्ण कळलं.

त्याच वर्षी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान १५ ऑक्टोबरला झालं आणि माझं मत चुकलं. ट्युनिशियाचं संसदेचं मतदान २६ ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट इन्चार्जनं डाव्या हाताची निळी तर्जनी माझ्या नाकासमोर धरली. आमच्याकडेही अशीच शाई लावतात, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "तुमची किती जुनी? माझी दुसऱ्यांदा." एन्नाहदा ती निवडणूक हरली, ६९ जागांवर आली, आणि तिनं निकाल मान्य केला. इस्लामी पक्ष एकदा सत्तेत आला की उतरत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

मग बिघडलं कुठे? मला दिसलेली दोन ठिकाणं सांगतो.

पहिलं, आमच्याच धंद्यातलं. २०१० मध्ये देशानं सुमारे ८० लाख टन फॉस्फेट काढलं होतं. क्रांतीनंतर ते निम्म्याच्याही खाली गेलं. खाणपट्ट्यातल्या मेतलावीहून निघालेली मालगाडी वाटेत थांबायची, कारण रुळांवर बेकार पोरं बसलेली. आठ आठ दिवस दगड नाही, प्लांट बंद. पोरांचं काय चुकलं? डोंगर त्यांचा, धूळ त्यांच्या फुफ्फुसात, नोकऱ्या दुसऱ्यांना. सरकारनं उपाय काढला तो असा: 'पर्यावरण कंपन्या' काढल्या आणि हजारो लोकांना झाडं लावायच्या नावाखाली पगारावर घेतलं. पगार चालू, काम नाही. एकाला मिळालं की शेजारच्या गावातले दहा रुळांवर. दहा वर्षांत सरकारं बदलत राहिली, पण एकानंही या खाणपट्ट्याचं खरं काही केलं नाही. २०१५ मध्ये अतिरेक्यांनी बार्दो संग्रहालयात आणि सूसच्या किनाऱ्यावर पर्यटकांना मारलं, तेव्हा पर्यटनाचा पैसाही आटला. मत मिळालं, भाकरी महाग झाली. लोकांनी या दोन गोष्टींची सांगड घातली, आणि त्यांना दोष देण्याचं धाडस माझ्यात नाही.

दुसरं ठिकाण बाहेरून दिसतच नव्हतं. संविधानात घटना न्यायालय लिहिलं होतं, १२ न्यायाधीशांचं. चार संसदेनं निवडायचे, चार न्यायाधीशांचा कारभार पाहणाऱ्या न्यायमंडळानं, चार राष्ट्राध्यक्षांनी. संसदेत त्यासाठी दोन तृतीयांश मतं हवीत. प्रत्येक पक्षाला आपला माणूस हवा होता, दुसऱ्याचा नको होता. वर्षभरात उभं राहायचं न्यायालय सात वर्षांत उभं राहिलं नाही. संसदेनं चारांपैकी एकच नाव निवडलं. हे ज्यांनी होऊ दिलं ते धार्मिकही होते आणि धर्मनिरपेक्षही. माझा सगळ्यात जास्त राग या गोष्टीवर आहे, कारण हातात वेळ होता आणि तो दवडला.

२५ जुलै २०२१. कोविडची लाट भयंकर होती, ऑक्सिजन मिळत नव्हता. शिफ्ट इन्चार्जची आत्या त्याच आठवड्यात गेली. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संविधानाचं कलम ८० पुढे केलं, पंतप्रधानांना काढलं, संसद गोठवली. सईद स्वतः घटनाशास्त्राचे प्राध्यापक, २०१९ मध्ये ७२ टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आलेले. संसदेच्या दारात लष्कराची गाडी उभी राहिली. कलम ८० प्रमाणे संसद बरखास्त करता येत नाही, ती चालू राहिली पाहिजे, आणि वाद झाल्यास घटना न्यायालयाकडे जायचं. जायचं कुठे? न्यायालयच नव्हतं.

मला मध्यरात्री व्हिडिओ आला. हॉर्न वाजताहेत, झेंडे फडकताहेत, आणि गाडीच्या खिडकीतून हसणारा तोच, निळ्या बोटाचा माझा मित्र. मी त्याला काही बोललो नाही. आणीबाणीत मी तेरा वर्षांचा होतो; गाड्या वेळेवर येतात म्हणून आमच्या घरी समाधान व्यक्त झालेलं मला आठवतं. ते बोलणारी माणसं वाईट नव्हती.

पुढचं भराभर झालं. २०२२ मध्ये न्यायमंडळ बरखास्त, ५७ न्यायाधीश एका फटक्यात बडतर्फ, नवं संविधान. त्यावरच्या सार्वमताला तीनातला एक मतदारही धड गेला नाही. वर्षाअखेरच्या संसदेच्या निवडणुकीला शंभरातले अकरा. एन्नाहदाचे वयोवृद्ध नेते राशिद घन्नुशी तुरुंगात, आणि त्यांच्या कट्टर विरोधक, धर्मनिरपेक्ष नेत्या अबीर मूसी याही तुरुंगात. धर्म हे कारण असतं तर या दोघांपैकी एकजण तरी बाहेर असता.

आता सेनेगल. तिथे शंभरातले पंचाण्णव मुसलमान, आणि स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं राष्ट्राध्यक्ष होते सेंगोर, एक कॅथलिक ख्रिश्चन. तिथे कधी लष्करी उठाव यशस्वी झालेला नाही. २००० आणि २०१२ मध्ये गादीवरचे राष्ट्राध्यक्ष निवडणूक हरले आणि घरी गेले. तिथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. २०२१ पासूनच्या आंदोलनांत कितीतरी पोरं मेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकी साल यांनी तोंडावर आलेली निवडणूक पुढे ढकलली, आणि संसदेनं ती डिसेंबरवर नेली. घटना परिषदेनं, म्हणजे तिथल्या घटना न्यायालयानं, १५ फेब्रुवारीला सांगितलं, हे बेकायदा आहे. आणि साल यांनी ऐकलं. विरोधी पक्षाचे बासिरू जोमाय फाय १४ मार्चला तुरुंगातून सुटले, २४ मार्चला मतदान झालं, ते पहिल्याच फेरीत जिंकले. दहा दिवसांत कोठडीतून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत!

त्याच वर्षी ट्युनिशियातही अध्यक्षपदाची निवडणूक होती. प्रशासकीय न्यायालयानं बाद ठरवलेल्या तीन उमेदवारांना परत घ्या म्हणून सांगितलं. निवडणूक आयोगानं ऐकलं नाही. मतदान जेमतेम नऊ दिवसांवर आलेलं असताना संसदेनं कायदा बदलून न्यायालयाचा तो अधिकारच काढून घेतला. सईद यांना ९० टक्के मतं पडली.

म्हणजे दादा, माझं उत्तर असं आहे. दोन्ही देशांत अजान तीच. एका ठिकाणी राष्ट्राध्यक्षाला "थांबा" म्हणणारी संस्था उभी होती आणि तिचं ऐकायची सवय होती. दुसऱ्या ठिकाणी ती संस्था वेळेत बांधलीच गेली नाही, आणि लोक इतके दमले होते की तिची उणीव त्यांना जाणवली नाही. इजिप्तमध्ये तिसरंच दुखणं आहे. तिथलं लष्कर कारखाने आणि जमिनी बाळगून आहे, आणि मोर्सींना हटवल्यावर काही दिवसांतच सौदी, अमिरात आणि कुवेत यांनी १२ अब्ज डॉलर देऊ केले. या सगळ्याला एक "धर्म" हा शब्द लावला की बार्दोत बसलेल्या, १३ ऑगस्टला चाललेल्या आणि रेदेयेफमध्ये गोळ्या खाल्लेल्या माणसांना आपण पुसून टाकतो. ती माणसं माझ्या ओळखीची आहेत.

ऑक्टोबर २०२४ च्या मतदानानंतर मी स्फॅक्सला फोन केला. तिकडे आता 'डिक्री ५४' आहे. खोटी बातमी पसरवली म्हणून पाच वर्षं कैद, सरकारी माणसाबद्दल असेल तर दुप्पट. हा कायदा मला माहीत होता, तरी सवयीनं विचारून गेलो, "शाई लावलीस का?" एकेकाळी कॅफेत टेबलावर मूठ आपटून बोलणारा माणूस तो. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तुमच्याकडे पाऊस कसा झाला यंदा?"

मी त्याला पावसाचं सांगितलं. बराच वेळ आम्ही पावसावर बोललो.