देवमासा सुटला, जाळ्याचं काय?

कोल्हापुरात बसून समुद्रावर काय लिहिणार असं वाटेल, पण माझा मावसभाऊ मालवणला मासेमारी करतो आणि आपल्या ताटातली सुरमई त्याच बाजूनं घाट चढून येते. परवा तो घरी आलेला, तांबडा-पांढरा झाल्यावर देवमाशाचा विषय निघाला.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात देवमासा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वाघासारखाच. जाळ्यात आला तर जाळं कापून सोडायचा. आता जाळं काय स्वस्तात येत नाही, कर्ज काढून घेतलेलं असतं, ते कापलं की बोट किनाऱ्यालाच. राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, २०१८ ला निर्णय झाला, चांगलीच गोष्ट आहे, पण त्याला फोटो-व्हिडिओ लागतो. "काळोखात, लाटांत जाळां कापूचां की मोबाईल धरूचो?" हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना.

आणि ती देवमाशाची उलटी, अत्तरात घालतात ती अंबरग्रीस. समुद्रात तरंगताना सापडली तरी विकणं गुन्हा, आपल्या कोल्हापुरातही लोक पकडलेत त्यात. दलाल कोटींच्या गप्पा मारतात आणि गरीब खलाशी अडकतो, याचा मला लई राग येतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा गावकरी, मच्छीमार सगळे पाण्यात उतरलेले, तरी ते वाचलं नाही. ते सांगताना भावाचे डोळे भरून आले. कायदा पायजेच म्हणतो तो, फक्त भरपाईचे पैसे पुढच्या हंगामाआधी हातात पडू देत.