गळक्या जाळ्यात नवे पाणी

मोठ्या शहरातील नागरिकांच्या तक्रारींत रस्ते, कचरा, वाहतूक कोंडी आणि घरांच्या किमती यांना नेहमीच वरचे स्थान मिळते, आणि ते साहजिकही आहे, कारण या गोष्टी रोज डोळ्यांना दिसतात. माझ्या मते मात्र महानगराच्या कारभाराचा खरा कस जमिनीखालच्या जलवाहिन्यांत लागतो. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले पाणी आणि ग्राहकांच्या देयकांत नोंदले गेलेले पाणी यांतील तफावत विकसनशील देशांतील अनेक शहरांत एक तृतीयांशाच्याही पुढे जाते. त्यात फुटक्या वाहिन्यांतून झिरपणारे पाणी असते, तसेच चोरट्या जोडण्या, बंद पडलेले मीटर आणि संगनमताने कमी दाखवलेला वापरही असतो.

टंचाई जाणवू लागली की पहिला प्रस्ताव येतो तो नव्या धरणाचा, दूरच्या नदीचा किंवा समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पाचा. अशा कामाचे भूमिपूजन करता येते, कोनशिला बसवता येते आणि निविदाही भरघोस रकमेची निघते. गळती शोधणाऱ्याच्या वाट्याला मात्र चांगला रस्ता खणल्याबद्दलची बोलणी येतात. वास्तविक गळक्या जाळ्यात जादा पाणी सोडून दाब वाढवला की त्याच छिद्रांतून आणखी पाणी वाया जाते, हे पाणीपुरवठा खात्यातील कनिष्ठ अभियंत्यालाही ठाऊक असते. त्याचे मत विचारले जाते का, हा भाग वेगळा.

दिवसातून काही तासच पाणी सोडण्याची पद्धत तर काटकसरीची वाटते, पण तिच्याइतकी महागडी पद्धत क्वचितच असेल. पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि ज्या फटींतून पाणी बाहेर जात होते त्याच फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. पुन्हा पाणी सोडताना आधी हवा पुढे ढकलली जाते, तिच्यामुळे मीटर उगाच फिरतो आणि दाबाच्या या रोजच्या चढउताराने जुने सांधे निखळत जातात. लोक टाक्या भरून ठेवतात, ताजे पाणी आले की कालचे ओतून देतात, आणि ज्यांना परवडते ते थेट वाहिनीला पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढतात. ज्यांच्याकडे ना टाकी ना पंप, त्यांना टँकरचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक दराने घ्यावे लागते.

गळती शोधण्याचे काम बहुधा रात्री चालते. मध्यरात्रीनंतर शहराचा वापर अगदी कमी होतो. त्या वेळीही एखाद्या विभागाच्या मुख्य मीटरवर मोठा प्रवाह दिसत असेल, तर त्यातील बराचसा जमिनीत मुरत असतो. मग कर्मचारी धातूची लांब काठी झडपेवर किंवा वाहिनीवर टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावतात आणि फटीतून सुटणाऱ्या पाण्याचा बारीक सूं असा आवाज ऐकत पुढे सरकतात. टोकियोने असे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले, जुन्या वाहिन्या बदलल्या, घरगुती जोडण्यांसाठी गंजरोधक पोलादी नळ्या वापरल्या, आणि 1950 च्या दशकात 20 टक्क्यांच्या आसपास असलेली गळती तीन-चार टक्क्यांपर्यंत खाली आणली.

श्रीमंत देशाचे उदाहरण कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून कंबोडियाच्या नॉम पेन्ह या राजधानीकडे पाहावे. यादवीतून नुकत्याच सावरणाऱ्या या शहरात 1993 साली सुमारे 72 टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. त्या वर्षी पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे हाती घेतलेल्या एक सोन चान (यातील ‘एक’ हे आडनाव) यांनी ग्राहकांची यादी घरोघर जाऊन नव्याने केली, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, चोरट्या जोडण्यांना हात घातला आणि त्यांत सामील असलेल्या स्वतःच्याच कर्मचाऱ्यांवर कारवाई केली. बड्या धेंडांनाही त्यांनी सूट दिली नाही. मीटरला विरोध करणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्यावर पिस्तूल रोखले होते, असे त्यांनीच सांगितलेले आहे. गरीब कुटुंबांना जोडणीच्या शुल्कात सवलत मिळाली. पुढील दीड दशकात तफावत सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले. 2006 साली सोन चान यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. अर्थात शहर तेव्हा लहान होते, परदेशी मदत मोठी होती, आणि संस्थेला 1996 पासून आपला पैसा आपण खर्च करण्याची स्वायत्तता होती. यातील शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पाणीपट्टी सर्वसाधारण तिजोरीत विरघळून जाणार असेल, तर गळती थांबवण्यात खात्याला स्वारस्य कशासाठी असावे?

नागरिकांच्या काटकसरीलाही मर्यादा असतात. केपटाऊनने फेब्रुवारी 2018 पासून माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा घातली, वाहिन्यांतील दाब कमी केला आणि नळ बंद करण्याची वेळ टाळली. मात्र विक्री घटल्याने उत्पन्नही घटले, आणि महापालिकेने जोडणीच्या आकारानुसार ठरावीक शुल्क लावले तेव्हा इमानाने पाणी वाचवणारे लोक संतापले. त्यांच्या संतापात मला काही गैर दिसत नाही.

म्हणून अंदाजपत्रकावरील चर्चेत नागरिकांनी नव्या स्रोताच्या खर्चाआधी एक कागद मागावा: प्रत्येक विभागात किती पाणी सोडले, किती पाण्याचे देयक निघाले आणि रात्रीचा किमान प्रवाह किती होता. बहुतेक ठिकाणी विभागवार मीटरच बसवलेले नसल्यामुळे तो कागद तयार होऊ शकणार नाही. तसे असेल तर पहिली तरतूद त्या मीटरांसाठी व्हावी, आणि धरणाचा प्रस्ताव त्यांची वर्षभराची नोंद हाती आल्यावर सभागृहापुढे यावा.