२१ दिवसांच्या चक्रात बसवलेलं शूटिंग

मी एक छोटी फिल्म दिग्दर्शित करतेय. तिच्यासाठी आधी कॅलेंडर, मग पटकथा. मला आतड्याचा कॅन्सर, चौथी स्टेज, यकृतात पसरलेला. माझ्या बाबतीत केमो बरं होण्यासाठी नाही, वेळ मिळवण्यासाठी आहे, आणि तो वेळ सलग मिळत नाही. माझं चक्र २१ दिवसांचं. पहिल्या दिवशी सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन, तेव्हापासून १४ दिवस कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, मग ७ दिवस गोळ्या बंद. शूटिंग याच सातांत. पहिला दिवस झोपेत जातो, शेवटचा पुढच्या रक्ततपासणीत. हातात येतात ५. बारा मिनिटांच्या फिल्मला तीन चक्रं धरली : १५ दिवस, रोज चार तास, सकाळी साडेसहा ते साडेदहा.

प्लेटलेट्स कमी आल्या की चक्र आठवडाभर पुढे सरकतं. माझे नट नाटकवाले. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की त्यांच्या तारखा मिळणं मुश्किल. म्हणून प्रत्येकाकडून सुरुवातीलाच दोन आठवडे घेतले, एक खरा आणि एक राखीव. राखीवचे पैसे देता येणार नाहीत हे तेव्हाच सांगून टाकलं.

प्रसंगांचे तीन गठ्ठे केले. ‘अ’ म्हणजे ज्याच्याशिवाय फिल्मच नाही : पाच प्रसंग, साधारण सहा मिनिटं. ‘ब’ने फिल्म चांगली होते. ‘क’ म्हणजे हौस. एरवी वेळापत्रक लोकेशनवर लावतात, एका जागेचं सगळं एकदाच उरकतात. आम्ही उलटं केलं. पहिल्या चक्रात फक्त ‘अ’, मग नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मामांच्या द्राक्षबागेत तीनदा जावं लागलं तरी चालेल. पेट्रोल जास्त जळलं, पण पहिल्या पाच दिवसांनंतर कुठेही थांबलो असतो तरी सहा मिनिटांची पुरी फिल्म हातात होती. ‘अ’ संपल्यावर त्याचा कट, म्हणजे प्रसंग जोडून सलग फिल्म, लगेच लावला, आवाजासकट. नंतरचं सगळं त्यात भरत गेलो.

बागेत दोन गोष्टी आड येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी चालू असते. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा आवाज शेजारच्या बागेतूनही माइकमध्ये शिरतो, आणि औषधाच्या वासाने मला उलटी येते. आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांना आदल्या संध्याकाळी फोन करून फवारणी कधी आहे ते विचारायचं. आपली वेळ त्यांच्या वेळेवर बसवायची, उलट अपेक्षा करू नये. ढगाळ हवा आली की डावणी या द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या भीतीने ते थांबू शकत नाहीत. दुसरं, बागेत संडास नाही. कॅपेसिटाबीनने जुलाब होतात, तेव्हा मामांचं घर चालत पाच मिनिटांच्या आत नसतं तर मी ती जागा घेतलीच नसती. हे कोणी लिहीत नाही, पण लोकेशन यावरच ठरतं.

थंडीचं कोणी आधी बजावलं नव्हतं. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर गार वस्तूला हात लागला की बोटांत करंट बसल्यासारख्या झिणझिण्या येतात, गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो. सुरुवातीला हे चार-पाच दिवसांत ओसरतं, डोस साठत गेले की लांबतं. डिसेंबरात गंगापूर धरणाच्या काठी सकाळी अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड म्हणजे बर्फच. त्याच्या पायांना जुन्या सतरंजीच्या पट्ट्या गुंडाळून सुतळीने बांधल्या, कॅमेऱ्याच्या ग्रिपला लोकरीचा तुकडा, थर्मासमध्ये कोमट पाणी. फोकस ओढायचं, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सची रिंग फिरवून चित्र स्पष्ट ठेवायचं, मी सोडून दिलं. बोटांना रिंग किती फिरली ते कळत नाही, दोन टेक सॉफ्ट, म्हणजे धूसर, गेल्यावर हट्ट करण्यात अर्थ नव्हता.

म्हणून मी गाडीत. मांडीवर सात इंची मॉनिटर, हातात वॉकी. कॅमेरा आणि गाडीच्या मध्ये माणसं उभी राहिली की वायरलेस चित्र तुटतं, तेव्हा ट्रान्समीटर कॅमेऱ्यावर न ठेवता सात फुटी स्टँडवर चढवायचा. वॉकीवर ‘जरा डावीकडे’ म्हटलं की कोणाची डावी यावर वाद होतो. आम्ही ‘नदीकडे’ आणि ‘रस्त्याकडे’ असं ठरवलं.

रामकुंडावरचा प्रसंग गर्दी उतरल्यावर, एन-९५ लावून, तासाभरात उरकला. कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, जेवणाच्या वेळेच्या वर एक ओळ असायची : दिग्दर्शकाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर पॅकअप, थेट हॉस्पिटल. पांढऱ्या पेशी कमी असताना क्रोसिन घेऊन बघू, असं चालत नाही.

एडिटिंगचंही कॅलेंडर आहे. केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्यामुळे पहिल्या दोन रात्री झोप लागत नाही. लॉगिंग (कुठल्या क्लिपमध्ये काय आहे त्याची नोंद), क्लिपांना नावं देणं, सबटायटलांचा पहिला खर्डा तेव्हा. दुसऱ्या आठवड्यात तळहातांची सालं निघतात, माउस नको वाटतो, मग कीबोर्डचे शॉर्टकट. मॉर्फिनचा डोस वाढवला की तीन-चार दिवस गुंगी असते. त्या दिवसांत टाइमलाइनची कॉपी काढून तिच्यात हवं ते करायचं, मूळ कटला हात नाही. निवेदन मात्र सगळ्यात आधी रेकॉर्ड करावं. तोंडात फोड आले, तोंड कोरडं पडलं की प्रत्येक शब्दामागे चिकट टकटक ऐकू येते आणि ती साफ होत नाही. गोधड्या टांगलेल्या कपाटासमोर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शेवटी खोलीची ३० सेकंद शांतता.

कागदांत मित्रसुद्धा चुकतात. संगीताच्या हक्कांचा करार लेखी हवा, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पाच वर्षांनी सही नव्याने मागायला मी नसेन, म्हणून ‘संपूर्ण मुदत, सर्व देश’ असं लिहून घेतलं. फिल्मची निर्माती मीच, त्यामुळे हक्क माझ्याकडे आणि मृत्युपत्रात त्यांचा वेगळा उल्लेख. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. मी मॉर्फिनवर असल्याने शुद्धीत असल्याचं डॉक्टरांचं पत्रही जोडलं. हार्ड डिस्क दोन, एक आईकडे, एक एडिटरकडे, तिसरी प्रत क्लाउडवर. पासवर्ड आईच्या डिस्कच्या डब्यात, कागदावर.

कट कधी लॉक झाला, म्हणजे यापुढे बदल नाही, असं कधी म्हणायचं हे मी नसले तर एडिटरच ठरवेल, एकटा. तिघांची समिती करणार होते, तो विचार सोडला.

‘क’मधला द्राक्षतोडणीचा प्रसंग राहिलाय. मामांची तोडणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, माझे मोकळे सात दिवस १० ते १६. फ्रेमचं चित्र, लेन्स आणि उन्हाची वेळ लिहून कॅमेरामनकडे देऊन ठेवलीय.