रिसीव्हर दिसला की नाक मुरडायचं?

आज मित्राच्या होम थिएटरवर मनसोक्त गाणी ऐकली, पण सोबत आलेले एक ऑडिओफाइल (आवाजाच्या दर्जाचे वेडे) गृहस्थ गाणं सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणारा डबा) पिक्चरसाठी ठीक, म्युझिकला स्टिरिओ अँपच (फक्त दोन स्पीकरचा अँप्लिफायर) पाहिजे. अहो, आधी ऐका तरी! मला हे खरंच खटकतं. खोलीत बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, कुठेतरी घुमतोच, त्याला महागडा अँप काय करणार, रिसीव्हरमध्ये मात्र रूम करेक्शन असतं, बसायच्या जागी माईक ठेवून मोजमाप घेतो आणि तो फुगवटा खाली आणतो. आज ते बंद केलं की डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याचे सूर एकमेकांत मिसळून नुसती घूं घूं, चालू केलं की प्रत्येक सूर सुटा, बोट तारेवरून उचललेलं पण कळत होतं. शिवाय 80 हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खोल आवाजाचं काम सबवूफरकडे (फक्त बेससाठीच्या वेगळ्या स्पीकरकडे) गेलं की मेन स्पीकर पण मोकळे होतात. स्वस्त रिसीव्हर सगळे चॅनल (एकेका स्पीकरचे मार्ग) एकदम चालवताना दमतात हे मान्य, पण गाण्याला दोनच लागतात ना? तुलना करायचीच तर दोन्हीकडे आवाज मीटरने सारखा करा, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, आणि मग डब्यावरचं नाव न बघता सांगा कुठला कुठला ते.