भीमथडीचं तट्टू, मुंबईच्या वेशीवर

मुंबईत घोडा बघायचा म्हटलं की पावलं पुतळ्यांकडेच वळतात. गेटवेसमोरच्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण २६ जानेवारी १९६१ ला झालं. मूळचा काळा घोडा १९६५ पासून राणीच्या बागेत आहे. मी दोन्हीकडे जाऊन आलो. दोन्ही घोडे उंचेपुरे. मराठ्यांच्या फौजा ज्यावर स्वार होऊन देशभर गेल्या, तो भीमा-नीरेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा मात्र बुटका, आखूड पाठीचा आणि काटक. तो मला जिवंत बघायचा होता.

त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. दिवाळी झाली की शिरूर, पारनेरकडचे धनगर घाट उतरून मुरबाड, कल्याण, पनवेलच्या बाजूला येतात. मी सकाळच्या लोकलने कल्याण गाठलं आणि तिथून मुरबाडची एसटी धरली. उल्हास नदी ओलांडल्यावर भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, दिसला. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावलेली, मेंढरं चरायला गेलेली, आणि बाभळीखाली एक तांबडी घोडी शिंगरासह उभी.

वाड्यावर एक आजी होत्या. "लांबूनच बघ बाबा, नवी माणसं तिला खपत न्हाईत," त्या म्हणाल्या. घोडीची पाठ जेमतेम माझ्या छातीशी येत होती. छाती रुंद, पाय बारीक पण घट्ट, खूर काळेभोर. थोड्या वेळाने बिऱ्हाड हलवायची तयारी सुरू झाली. आधी पाठीवर घोंगड्याची घडी, तिच्यावर खोगीर, मग दोन्ही बाजूंना भांडी, पिठाची पोती आणि गुंडाळलेली वाघर. सगळ्यात वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि रात्रीच जन्मलेलं कोकरू. दोर आवळताना घोडीने फक्त कान मागे केले. एवढं ओझं घेऊन ती शेताच्या बांधावरून सहज उतरली. मी बघतच राहिलो.

हीच ताकद मराठ्यांच्या कामी आली. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घेऊन येई. दख्खनी रक्तात अरबी आणि तुर्की घोड्यांचं रक्त मिसळून हे जनावर घडलं. ते मिळेल त्या चाऱ्यावर भागवी, डोंगर चढे आणि लांबच्या मजला मारी. १७५८ मध्ये मराठे अटकेपर्यंत पोचले ते अशाच घोडदळाच्या बळावर. गनिमी काव्याबद्दल आपण भरभरून बोलतो, पण थोड्या दाण्यावर धावणाऱ्या या घोड्यांशिवाय तो जमलाच नसता, असं मला वाटतं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पागाही मोडल्या. पुढे मुंबई बंदरात आखातातून जहाजं भरभरून अरबी घोडे उतरू लागले, भेंडीबाजार आणि भायखळ्याचे तबेले गजबजले. १८७४ पासून १९०७ मध्ये विजेची ट्राम येईपर्यंत शहराची ट्रामही घोड्यांनीच ओढली. त्या सगळ्या काळात भीमथडीचं तट्टू सांभाळलं ते धनगरांनी, आणि तेही मेंढरांमागे फिरत. त्यांचं हे ऋण मोठं आहे. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्करी, भुटिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातली आठवी जात. वाचून खरंच आनंद झाला. पण नोंद झाली म्हणून चराईची रानं वाढत नाहीत. "आमच्यातली बरीच बिऱ्हाडं आता टेम्पोतनं जात्यात," आजी म्हणाल्या. "मग घोडी कशाला पाळतील?" जात टिकवायची तर मेंढपाळांच्या वाटा आणि गायरानं आधी राखायला हवीत.

बघायला जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, आणि सकाळी लवकर. ऊन वर आलं की वाड्यावर फारसं कुणी भेटत नाही. कुत्री अंगावर येतात, म्हणून लांबूनच हाक द्या. घोडीच्या मागच्या बाजूने जाऊ नका. मे सरेपर्यंत जायला हवं, कारण मृगाच्या आत हे लोक घाट चढून परत जातात. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही.