आमची वाटचाल: मोठ्या पानांच्या दुरंगी होस्टासोबत

आमच्या नर्सरीची सुरुवात फर्न आणि सावलीत वाढणाऱ्या इतर झाडांपासून झाली. सुंदर पानांसाठी लावला जाणारा, दरवर्षी गड्ड्यातून फुटणारा होस्टा त्यातलाच एक. पण पिवळ्या कडेचा ‘सागाए’ हा होस्टाचा भव्य वाण पूर्ण वाढलेला पाहिला आणि पुढची दिशा ठरली.

‘फोटोत पान केवढं, रोप एवढंसं का?’ हा गिऱ्हाइकांचा नेहमीचा प्रश्न. मोठा होस्टा आधी मुळं आणि गड्डा भरतो. पानाचा खरा आकार, कडेची रुंदी दिसायला चार-पाच वर्षं जातात. म्हणून कोवळी टिश्यू कल्चर रोपं (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) विकणं आम्ही थांबवलं. पानाची कड आणि मधला भाग पेशींच्या वेगवेगळ्या थरांतून घडतात. प्रयोगशाळेत हे थर कधी कधी बदलतात आणि पानाची कडही बदलते. आता आम्ही गड्डे हातानेच विभागतो, काही हंगाम कड पारखतो आणि मगच रोप विकायला काढतो. निव्वळ हिरवा फुटवा आला तर मुळासकट काढतो, कारण हरितद्रव्य जास्त असल्याने तो जोमाने वाढून बाकीच्यांना दाबतो.

सुरीच्या बाबतीत आम्ही फार कडक आहोत. होस्टा व्हायरस एक्स हा विषाणू झाडाच्या रसातून पसरतो आणि त्यावर इलाज नाही. त्यामुळे प्रत्येक झाडानंतर सुरी निर्जंतुक होतेच, कितीही घाई असो.

रोप देताना लागवडही समजावतो. मुळं आडवी पसरतात, म्हणून खड्डा खोल नको, रुंद हवा. कंपोस्ट भरपूर घाला. सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारच्या उन्हात फिकट भाग करपतो. ज्यांच्याकडे खरा हिवाळाच नाही त्यांना आम्ही रोप देत नाही. काही आठवडे पाच अंश सेल्सिअसखालची थंडी मिळाली नाही तर कोंब दरवर्षी बारीक होत जातात. विक्री गेली तरी चालेल, ते बघवत नाही.

‘फ्रान्सिस विल्यम्स’ हा प्रसिद्ध होस्टा १९३६ साली कनेटिकटमधल्या एका नर्सरीच्या ओळीत सापडला. असं वेगळेपण आपल्याही वाफ्यात यावं, ही आमची जुनी इच्छा. कडेचा रंग बियांतून उतरत नाही; पण पानभर पट्टे असलेल्या मातृझाडाच्या बियांतून पट्टेरी रोपं मिळू शकतात, कारण हरितलवकं (पेशीतले हिरवा रंग देणारे कण) आईकडून येतात. अशी मातृझाडं आता जमवली आहेत. यंदाच्या पेरणीतली बरीचशी रोपं साधी हिरवी निघाली, ती काढली. पट्टेरी थोडीच आहेत. त्या पट्ट्यांची पुढे स्थिर कड होते का, ते पाहतो आहोत.