काट्यावरचा डबा आणि हेक्स १००

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेसहाला फोन वाजला, हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधून काटेवाले काका बोलत होते. "ताई, आपला डबा काल रातीपासून लाल लाईट दाखवून राहिला. वजन येते पण पावतीच निघून नाही राहिली. गेटावर गाड्याच गाड्या लागल्या, लोकं ओरडून राहिले." मी म्हटलं स्विच बंद करून परत चालू करा. ते म्हणाले, "पाच खेपा केलं न ताई."

मी नागपुरात एका छोट्या कंपनीत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहिते. आमचा डबा वजनकाट्याच्या खोलीत भिंतीवर बसतो, काट्याच्या इंडिकेटरमधून वजन घेतो, त्याला वेळ आणि गाडी नंबर जोडतो, त्यावर डिजिटल सही करतो आणि पावती छापतो. पावतीवर चौकोनी कोड असतो, कास्तकारानं फोननं स्कॅन केला की वजन नंतर कोणी बदललं का ते कळतं. माझे बाबा समुद्रपूर तालुक्यातले कास्तकार, लहानपणी त्यांच्यासोबत ट्रॉलीवर बसून मी काट्यावर जायची आणि घरी आल्यावर बाबा आईला सांगायचे की आजही काट्यावर वीस किलो गेले. कुठं गेले ते कोणालाच सिद्ध करता यायचं नाही. म्हणून हे काम मी नुसती नोकरी म्हणून करत नाही, हे आधीच सांगते.

सहीची किल्ली डब्याच्या मेमरीत उघडी ठेवली तर कोणीही कॉपी करेल, म्हणून ती टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमधे सील केलेली असते. २०२१ ला विंडोज ११ आलं आणि टीपीएम २.० पाहिजेच म्हणाले तेव्हा खूप लोकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, पण छोट्या बोर्डांवर पण ही चिप बसते, चार वायरींच्या एसपीआय बसवर, म्हणजे ज्या वायरींवरून प्रोसेसर तिच्याशी बोलतो. या चिपमधे पीसीआर नावाचे २४ रजिस्टर असतात. बूट होताना प्रत्येक टप्पा पुढच्या प्रोग्रॅमचं मोजमाप, म्हणजे हॅश, काढतो आणि पीसीआरमधे टाकतो. टाकतो म्हणजे तिथं लिहित नाही, जुनी किंमत आणि नवीन हॅश एकापुढे एक ठेवून त्याचा परत एसएचए-२५६ पद्धतीनं हॅश काढतात आणि तो नवीन पीसीआर होतो. म्हणजे अशी वही की जिच्यात खोडता येत नाही, फक्त पुढची ओळ लिहिता येते. ० ते १५ नंबरच्या पानांवर परत शून्य यायला पूर्ण चिपच रिसेट व्हावी लागते. शेवटी पीसीआर जसा पाहिजे तसाच असेल तरच चिप किल्ली देते, एक बिट इकडचा तिकडं झाला तरी नाही.

साडेसातची एसटी पकडली, बॅगेत लॅबमधला दुसरा डबा, सोल्डरिंग आयर्न, लॅपटॉप. बुटीबोरी, जाम करत हिंगणघाटला उतरले तोवर डोक्यात एकच संशय होता, एसपीआयचा वेट स्टेट. या चिपशी बोलताना आधी चार बाइट पाठवायचे असतात, पहिल्यात वाचायचं का लिहायचं आणि किती बाइट, एका खेपेला जास्तीत जास्त ६४, आणि पुढच्या तीनात पत्ता. चौथ्या बाइटच्या शेवटच्या बिटाला चिपनं आपली लाईन खाली धरली तर त्याचा अर्थ थांब, मी कामात आहे. मग एकेक बाइटचं क्लॉक देत राहायचं, ती १ करेपर्यंत, आणि या सगळ्या वेळात चिप सिलेक्ट, म्हणजे तुझ्याशीच बोलतोय असं चिपला सांगणारी वायर, सोडायचा नाही. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमधे मी हे अर्धवट केलं होतं आणि दोन आठवडे त्यात गेले होते, म्हणून ती भीती अजून जात नाही.

पण काट्याच्या खोलीत बसून लॉग पाहिला तर तसं काही नव्हतं. व्हेंडर नंबर बरोबर वाचला जात होता, लोकॅलिटी मागितली ती मिळाली होती, बर्स्ट काउंट ठीक, स्टार्टअप, म्हणजे चिपला सुरू हो सांगायचा हुकूम, ओके, मोजमापं ओके, आणि एकदम शेवटी किल्ली मागताना पॉलिसी फेल. म्हणजे चिप जिवंत आहे, बोलते पण आहे, पण पीसीआर जुळत नाही म्हणते. कोणी फर्मवेअर बदललं म्हणावं तर कव्हरचं सील जसंच्या तसं.

बाहेर ट्रॅक्टर, छोटे हत्ती, दोन-तीन बंड्या, कापसावर ताडपत्र्या, काही जण पहाटे चारपासून आलेले. मग मी कव्हर उघडलं आणि आतल्या बॅटरीचं कनेक्टर काढलं, कारण भिंतीवरचा स्विच बंद केला तरी डबा बॅटरीवर चालूच राहतो, काकांनी पाच खेपा जे केलं त्यानं डब्याची पॉवर एकदाही गेली नव्हती. थोडा वेळ थांबून परत लावलं. हिरवी लाईट. पहिली पावती निघाली, गाड्या हलल्या, मॅनेजर साहेब येऊन म्हणाले झालं न मॅडम, चहा घ्या.

चहा घेतला पण निघाले नाही. पॉवर काढून लावल्यानं जे ठीक होतं ते ठीक झालेलं नसतं, नुसतं लपलेलं असतं. लॅबवाला डबा भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डवर जोडला, त्याचा कन्सोल उघडा होता, आणि वाट पाहत बसले. अकरा-साडेअकराला खोलीतला ट्यूबलाईट मिचकला, पंखा हळू झाला आणि दोन्ही डबे एकदम रिसेट झाले. दोन्हीवर लाल लाईट.

काका शांतपणे म्हणाले, "प्रेस चालू झालं न ताई. गाठी बांधाचं प्रेस चालू झालं का असंच होते, पंखा मंदावते. कालही तवाच बंद पडला."

हे वाक्य मी सकाळी फोनवरच विचारून घ्यायला पाहिजे होतं. १७० किलोची गाठ दाबणाऱ्या प्रेसची मोटार सुरू होताना करंट इतका ओढते की व्होल्टेज क्षणभर बसतं, डबा मेन्सवरून बॅटरीवर जातो आणि त्या उडीत आतले ५ व्होल्ट थोडे दबतात. प्रोसेसर लटकतो, मग वॉचडॉग, म्हणजे प्रोसेसर लटकला का ते पाहणारा टायमर, त्याला रिसेट करतो. इथवर सगळं ठीकच आहे, वॉचडॉग त्यासाठीच असतो. पण त्या दबक्यात चिपचे ३.३ व्होल्ट तसेच उभे राहतात, आणि चिपची रिसेट पिन आमच्या बोर्डवर जोडली आहे पॉवर कंट्रोलरला. वॉचडॉगचा रिसेट पॉवर कंट्रोलरपर्यंत जातच नाही, तो प्रोसेसरच्या आतल्या आत होतो. म्हणजे प्रोसेसरचा नवीन जन्म झाला आणि चिपला पत्ताच नाही. तिची वही कालच्याच पानावर.

लॅबच्या डब्याच्या पहिल्या टप्प्यात दोन ओळी टाकल्या. एक, स्टार्टअपचं उत्तर जसं आलं तसं छाप. दोन, काही मोजायच्या आधी पीसीआर ० वाच. रिसेट झाल्या झाल्या तिथं ६४ शून्य दिसायला पाहिजे, ३२ बाइटचे. मग प्रेसची वाट. वायरमन दादांना सांगितलं, त्यांनी मला बोलावून प्रेसचा स्टार्टर दाबला. स्क्रीनवर आलं स्टार्टअपचं उत्तर हेक्स १००, म्हणजे सोळाच्या पद्धतीत लिहिलेला आकडा, आणि पीसीआरमधे शून्य नाही तर मागच्या बूटच्या शेवटी छापला होता तोच आकडा, अक्षर न अक्षर. त्याच्यावर परत सगळी मोजमापं चढली आणि जे तयार झालं ते कोणाशीच जुळणार नव्हतं.

हेक्स १०० चा अर्थ, मी आधीच सुरू झालेली आहे. चिप प्रत्येक खेपेला खरं सांगत होती. तिचं खरं वर पोचत नव्हतं, कारण मधे माझं फंक्शन होतं. दोन वर्षांआधी मी लिहिलं होतं, उत्तर शून्य आलं तर ओके, १०० आलं तरी ओके. आणि त्याला तेव्हा कारण होतं, आमचं बूट दोन टप्प्यात होतं, पहिला टप्पा स्टार्टअप पाठवतो, दुसरा पण पाठवतो, दुसऱ्याला १०० येणं एकदम नॉर्मल आहे. असं चालवून घेणं फर्मवेअरमधे बऱ्याच ठिकाणी दिसतं. पण तेच फंक्शन पहिला टप्पा पण वापरत होता आणि पहिल्या टप्प्याला १०० येणं म्हणजे घरात शिरलो तर आधीच कोणीतरी चूल पेटवून बसलंय. एकच उत्तर, कोण विचारतंय त्यावर त्याचा अर्थ बदलतो. ड्रायव्हरनं तो अर्थ स्वतः ठरवून टाकला आणि वरच्याला नुसतं ओके सांगितलं, ही माझी चूक.

तेवढ्यात मॅनेजर साहेब आले, गाड्या परत थांबल्या होत्या. "मॅडम, आजच्या दिवस ते लॉक काढून टाका न, किल्ली अशीच ठेवा, सीझन आहे." ते वाईट बुद्धीनं बोलले असं मला वाटत नाही, गेटावरचा गोंधळ त्यांनाच ऐकायचा होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की लॉक काढलं तर उद्या पावतीवरची सही कोणाची हे मला पण सांगता येणार नाही. मिलच्या डब्याची बॅटरी परत काढून लावली, आणि वायरमन दादांशी ठरलं की आज प्रेस चालू करायच्या आधी काट्यावर आवाज द्यायचा, काका डबा नीट बंद करतील, प्रेस चालू झाली की परत लावतील. प्रेस दिवसात चार-पाच वेळाच बंद-चालू होते, जमलं.

मग ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला सोपं आहे, एक मोकळी जीपीआयओ पिन, म्हणजे प्रोग्रॅमला हलवता येते अशी पिन, चिपच्या रिसेटला जोड, फर्मवेअर सुरू झालं की स्वतःच चिप रिसेट करेल. मला पण क्षणभर बरं वाटलं. पण प्रोग्रॅमच्या हातात ती पिन दिली की ती चांगल्या प्रोग्रॅमच्या हातात राहीलच असं नाही. डबा चालू असताना कोणी आत शिरलं तर तो पिन हलवून चिप शून्यावर आणेल आणि खऱ्या फर्मवेअरची मोजमापं, जी काही गुपित नसतात, ती एकेक करून स्वतःच टाकेल. चिप म्हणेल सगळं जुळलं, घे किल्ली. सगळा खटाटोप मातीत. चिप आणि प्रोसेसर दोघांनी सोबतच मरायचं आणि सोबतच उठायचं, एकट्यानं कोणीच नाही, नाहीतर या मोजमापांना अर्थ नाही.

प्रोसेसरला एक रिसेट-आउट पिन असते, प्रोसेसर कोणत्याही कारणानं रिसेट झाला की ती खाली जाते, वॉचडॉगनं झाला तरी. डेटाशीटमधलं ते पान फोनवर दोनदा वाचलं, कारण काही चिपांमधे वॉचडॉगसाठी ते वेगळं चालू करावं लागतं. आमच्यात ते आपोआप होतं. आमच्या बोर्डवर ती पिन एका टेस्ट पॅडवर येऊन नुसती पडली होती. ती आणि पॉवर कंट्रोलरची लाईन, दोन्ही फक्त खाली ओढणाऱ्या, वर ढकलणारं कोणी नाही, म्हणून एकत्र जोडल्या तरी भांडण नाही. वायरमन दादांनी जळालेल्या रिलेच्या कॉइलमधून केसासारखी वायर काढून दिली, मी खिडकीपाशी उजेडात लॅबच्या डब्याला ती जोडली. हवेत रुईचे तंतू इतके की फ्लक्सवर येऊन चिकटायचे, दादा फुंकर मारत उभे राहिले.

जेवायच्या सुट्टीत मिलचा लोड नव्हता तेव्हा दादांनी मेन पाडायला सुरुवात केली. पाड, लाव, पाड, लाव, कधी लवकर, कधी थांबून. वीसेक वेळा केलं, त्यातल्या सातांत प्रोसेसर लटकून वॉचडॉग लागला आणि सातही वेळा स्टार्टअपचं उत्तर शून्य, पीसीआर ० मधे ६४ शून्य. मी शून्यं बोटानं मोजत होते, इतकी शून्यं पाहून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. काका मागून पाहत होते, म्हणाले, "काहीच नाही न तिथं." म्हटलं काका, काहीच नाही तेच पाहिजे होतं.

संध्याकाळी काटा बंद झाल्यावर मिलच्या डब्याला पण तीच वायर लावली. फर्मवेअरला त्या दिवशी हात लावला नाही, कारण फर्मवेअर बदललं की मोजमाप बदलतं आणि किल्ली नव्या आकड्यांवर परत सील करावी लागते, ते घाईत करायचं काम नाही. ते पुढच्या आठवड्यात झालं. आता ते फंक्शन तीन उत्तरं देतं, आत्ता सुरू झाली, आधीच सुरू होती, किंवा एरर. पहिल्या टप्प्याला आधीच सुरू होती असं कळलं तर तो पॉवर कंट्रोलरला सांगून सगळ्या बोर्डची पॉवर एकदा पाडतो, आणि तरी तेच आलं तर पुढं जात नाही, स्क्रीनवर स्वच्छ लिहितो की चिप रिसेट झाली नाही, फोन करा. चाचणीच्या यादीत आता एक खोटा प्रेस पण आहे, टेबलावरचा पॉवर सप्लाय जो क्षणभर ५ व्होल्ट दाबतो.

वायर मात्र प्रत्येक जुन्या डब्याला हातानंच लावावी लागते. सहा झाले, पाच राहिले. उद्या सकाळी पुलगाव, आणि वेळ उरला तर तिथून आर्वी.